चौथी खुंटी

एका बाईच्या आईचं लुगडं मी कापलं, आणि त्याच दुपारी तिचा फोन आला तेव्हा "आहे ना, घडीसुद्धा मोडलेली नाही," असं छातीठोकपणे सांगितलं. हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर आमच्या थोरल्या जाऊबाई सांगतील, आणि त्या सांगतात तेव्हा मी एक सोडून सात-आठ लुगडी कापलेली असतात.

तेव्हा मी तरुण होते. बासष्ट वर्षांची. हसू नका. आज सत्तरीच्या उंबऱ्यावरून मागं बघते तर ती बासष्टची बाई मला अगदी पोरकट दिसते. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच. टेम्पोला भोंगा लावून कांदे विकायला आलेल्या माणसाला थांबवून ती त्याच्या पाटीवरची वेलांटी दुरुस्त करायची आणि कांदे न घेताच घरात यायची. आपल्याला सगळं लक्षात राहतं, असा तिचा पक्का समज होता. आणि सगळं म्हणजे सगळं बरं का, शेजारणीच्या रेशनकार्डाचा नंबरसुद्धा.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्याच ओसरीवर, आम्ही चौघी गोधड्या शिवतो. मी, जाऊबाई आणि गल्लीतल्या दोघी. लोक घरातली जुनी लुगडी, साड्या, धोतरं गाठोड्यात बांधून आणतात आणि त्याची गोधडी घेऊन जातात. कल्पना माझी, हात जाऊबाईंचे. त्यांचा टाका म्हणजे मुंग्यांची रांग, एकीमागं एक, शिस्तीत. माझा टाका म्हणजे साखर सांडल्यावरच्या त्याच मुंग्या. म्हणून मला सुई देत नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि कापड कापणं ही दोन कामं माझी. दोन्हीत तोंड आणि कात्री एकदम चालतात, हाच घोटाळा.

आमच्या सासूबाईंनी लावून दिलेली एक रीत आम्ही अजून पाळतो. गोधडीच्या चारही बाजू शिवून होतात, शेवटचा एक कोपरा बोटभर उघडा ठेवायचा, त्यातून चिमूटभर ज्वारी आत सोडायची आणि मग तो कोपरा बंद करायचा. गोधडी उपाशी घराबाहेर पडायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "तिनं दुसऱ्याला ऊब द्यायची, मग तिच्या पोटात नको का काही?" ज्या दिवशी ज्वारी पडते त्या दिवशी आम्ही म्हणतो, "जेवली."

तर माझी व्यवस्था अशी होती. ओसरीच्या भिंतीत तीन खुंट्या. पहिल्या खुंटीवर आलेलं गाठोडं. दुसऱ्या खुंटीवर काम चालू असलेलं. तिसऱ्या खुंटीवर तयार. बाकी सगळं माझ्या डोक्यात. मला या तीन खुंट्यांचा इतका अभिमान होता की बचत गटाच्या बैठकीत मी त्यावर वीस मिनिटं बोलले होते. ऐकणाऱ्यांपैकी दोघी झोपल्या होत्या, आणि त्यातल्या एक जाऊबाई होत्या.

त्या उन्हाळ्यात शेवगावहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, बोलता बोलता डोळे भरून येणाऱ्या आणि लगेच स्वतःवरच हसणाऱ्या. त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक मोठं गाठोडं, त्यातल्या साड्यांची गोधडी करायची होती. आणि एक पिवळी पिशवी. तिच्यात त्यांच्या आईचं हिरवं नऊवारी लुगडं, लाल काठाचं. पिशवी उघडली की ओव्याचा वास यायचा. आई पदराच्या गाठीला कायम ओवा बांधायची म्हणे.

"बाई, हे आत्ता कापू नका," त्या म्हणाल्या. "हे ताईला विचारून सांगते."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, पाथर्डीला दिलेली. शेवगाव ते पाथर्डी एसटीनं तास लागत नाही, पण दोघी बहिणी दोन वर्षं बोलत नव्हत्या. कारण हेच लुगडं. आईनं ते मलाच देऊ केलं होतं, असं दोघींचंही म्हणणं. आईच्या बाराव्याला तोंडं फिरवली ती फिरवली. आता या बाईंच्या मनात आलं होतं की लुगड्याचं निमित्त करून ताईला फोन लावायचा. "गोधडीत घालू का, एवढंच विचारीन. ती रागावली तरी चालेल. रागावण्यासाठी तरी बोलेल ना."

हे सगळं मी ऐकलं. मान डोलावली. "काही काळजी करू नका," म्हटलं. आणि पिवळी पिशवी गाठोड्याबरोबर पहिल्या खुंटीला अडकवली. दुसरीकडं कुठं अडकवणार? 'हिला अजून विचारायचंय' अशी खुंटीच नव्हती. ते माझ्या डोक्यात होतं.

आठ दिवसांनी, गुरुवारी, मी पहिली खुंटी उतरवून कापायला बसले. समोर गल्लीतली एक जण तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. फार रंगात आलं होतं. मी "अगं बाई! मग?" म्हणत होते आणि कात्री चालत होती. सुनेनं माहेरी फोन लावला तेव्हा पहिला तुकडा पडला. माहेरचे जीप घेऊन आले तेव्हा चौथा. मग मला ओव्याचा वास आला.

पाच तुकडे झाले होते. एक पदराचा, तो अख्खा होता, आणि बाकी चार. मी ते मांडीवर घेऊन बसले. गाऱ्हाण्याचा शेवट काय झाला ते मला आजतागायत माहीत नाही.

दुपारी फोन वाजला. "बाई! ताईशी बोलले! दोन वर्षांनी बोलले हो! आधी पाच मिनिटं नुसत्या रडलो. मग ती म्हणाली, लुगडं कापू नकोस, मला दे. मी म्हटलं, घे बाई, तूच घे. रविवारी तुमच्याकडं येऊन नेते आणि तिथनं तशीच पाथर्डीला जाते. आहे ना नीट?"

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पण मी बासष्टची होते. "आहे ना," मी म्हणाले, "घडीसुद्धा मोडलेली नाही."

फोन ठेवला आणि समोर बघितलं तर जाऊबाई. त्यांनी तुकड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "घडी न्हाई मोडली," त्या म्हणाल्या. "ते खरं हाय. घडीसकट कापलंय तू."

आधी माझं डोकं असं चाललं की नगरला कापडबाजारात जायचं, तसंच हिरवं लुगडं आणायचं, दोनदा धुवायचं आणि ओव्याच्या डब्यात कोंबून ठेवायचं. हे मी जाऊबाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. "मास्तरीणबाई, तिच्या आईनं तीस वर्स नेसलंय ते. तू दोन दिसात कुनाला नेसवनार?"

शुक्रवारी संध्याकाळी माझी नात पुण्याहून आली. ती एका कंपनीत कामाला आहे. तिचं काम मला तेव्हा एवढंच कळलं होतं की लोकांच्या ऑफिसात कागद कुठून निघतो आणि कुठं जाऊन अडकतो याची चित्रं ती काढते. मी नातेवाइकांना सांगायचे, "कंपनीत गोल काढते." जेवताना तिनं माझा चेहरा बघितला आणि मी सगळं ओकून टाकलं. मला वाटलं, आता ही रागावेल किंवा हसेल. ती म्हणाली, "आजी, तू फोनवर सांगितलंस तेव्हा ते लुगडं कोणत्या अवस्थेत होतं?"

"नऊवारी."

"तसं नाही गं."

शनिवारी सकाळी तिनं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून ओसरीवर पसरलं. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि स्केचपेननं वाटीच्या कडेनं गोल काढायला सुरुवात केली. डावीकडं एक ठळक काळा ठिपका काढला.

"ही टिकली कशाला?" जाऊबाईंनी विचारलं. त्या शिवता शिवता सरकत सरकत कागदापाशी आल्या होत्या.

"ही सुरुवात, मोठी आजी. गोधडीचा जन्म इथनं. याला स्टेट डायग्राम म्हणतात, म्हणजे अवस्थांचं चित्र. आता आजी, तू सांग. गोधडी कुठून कुठं जाते?"

मी घसा साफ केला. हे माझ्या मैदानातलं होतं. तिच्या हातातून पेन घेतलं आणि गोलांमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं: आणणं, कापणं, धुणं, शिवणं, देणं. आणि कौतुकाची वाट बघत बसले.

नातीनं एकेक खोडलं. माझं अक्षर खोडलं! एकतीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती.

"ही तर तुमची कामं झाली," ती म्हणाली. "कामं बाणावर लिहायची. गोलात लिहायचं गोधडी कुठं बसलीय ते. आलेली. कापलेली. धुतलेली. ती एका वेळी एकाच गोलात बसते. आणि काहीतरी घडल्याशिवाय तिथून उठत नाही. काय घडलं, ते बाणावर."

"एकच की! शब्दांचा कीस काढतेस नुसता."

"आजी, तू तिसरीला फुलपाखरू शिकवायचीस ना? अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. फळ्यावर बाण काढून. तू गोलात 'कोष' लिहायचीस की 'कोष विणणं'?"

 एकतीस वर्षं दर पावसाळ्यात मी ते फुलपाखरू फळ्यावर काढलं. चार गोल, चार बाण, रंगीत खडू. परीक्षेत 'अवस्था ओळखा' म्हणून प्रश्न घातला आणि चुकणाऱ्यांना दहा-दहा वेळा लिहायला लावलं. आणि माझ्याच ओसरीवर गोधडीचं फुलपाखरू रोज उडत होतं ते मला दिसलं नाही. आता कळलं ना, मी त्या बासष्टच्या बाईची टिंगल का करते ते?

मग नात बाण काढत गेली आणि प्रत्येक बाणाला आम्हा चौघींना विचारत गेली, काय घडलं की ही इथून उठते? चौघी चार उत्तरं द्यायच्या. इतकी वर्षं एकाच ओसरीवर बसून आम्ही चौघी चार निरनिराळे धंदे करत होतो, हे तेव्हा कळलं.

"शिवून झाली, मग?" तिनं विचारलं.

"मग पोचली," मी म्हणाले.

"थांब," जाऊबाई कडाडल्या. "जेवली कुठं हाय? न जेवता धाडनार व्हय?"

नातीनं लगेच वाटी टेकवून नवा गोल काढला आणि त्यात लिहिलं, 'जेवली'. बाणावर लिहिलं, 'ज्वारी घातली'. जाऊबाईंनी तो गोल बोटानं चाचपून बघितला. त्या दिवसापासून तो कागद त्यांचा झाला.

"बरं, जेवली. पण गिऱ्हाइकाला कोण कळवतं?" नातीनं पुढं विचारलं.

मी जाऊबाईंकडं बघितलं. जाऊबाईंनी गल्लीतलीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग आम्ही चौघी एकदम उठून, तिसरी खुंटी भरली की तयार गोधड्या जिथं ठेवतो त्या आतल्या पेटीकडं गेलो. पेटीत दोन गोधड्या निघाल्या. शिवलेल्या, जेवलेल्या, घडी घातलेल्या. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीनं फोन केला असेल. त्यातली एक बारशासाठी हवी होती.

"ते पोरगं आता येऊन स्वतःच घिऊन जाईल," जाऊबाई म्हणाल्या आणि आम्ही चौघी ओसरीवर लोळलोळून हसलो. दगड हलले, कागद उडाला, नात त्याच्यामागं अंगणात धावली.

कागद परत आला. आता ती माझ्या दुखऱ्या जागेपाशी आली. 'आलेली' वर बोट ठेवलं आणि तिथून 'कापलेली' पर्यंत नेलं. "या बाणावर काय लिहू? काय घडलं की कापायचं?"

मी खरं ते सांगितलं. "माझ्या हातात कात्री आली की."

कुणी हसलं नाही.

"मालकिणीनं 'हो' म्हटलं की, असं हवं ना?" नात हळूच म्हणाली. "आणि तिचं 'हो' यायचं असेल तोवर ते लुगडं कुठं बसणार? बघ, इथं गोलच नाही. भिंतीवर खुंटीही नाही. तू विसराळू नाहीस आजी. त्याला बसायला जागाच नव्हती."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी लगेच सवलत मागितली. "मग 'कापलेली' तून मागं 'आलेली' कडं एक बाण काढ ना. छोटासा."

"काढते. त्याच्यावर काय लिहू? काय घडलं की कापलेलं लुगडं परत अख्खं होतं?"

"हिनं फोनवर थाप मारली की," जाऊबाई म्हणाल्या.

नातीनं बाण काढला नाही. बाकीच्या गोलांमधून कुठं ना कुठं मागं येता येत होतं. नीट नाही धुतलं, परत धुवा. टाका चुकला, उसवा. फक्त त्या एका गोलातून मागं यायला रस्ता नव्हता. कागदावर ते अगदी साधं दिसत होतं. तिनं 'आलेली' आणि 'कापलेली' यांच्या मध्ये नवा गोल काढला, 'विचारायचंय', आणि तो लाल रंगवला. जाऊबाईंनी भिंतीत चौथी खुंटी ठोकायला दगड उचलला तो तेव्हाच.

कागद भिंतीला लावून नात संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, "आजी, उद्या त्या बाईंना कागद दाखव. आणि खरं सांग." मला तिच्या कागदाचा आधार वाटत होता आणि खरं सांगायची भीती वाटत होती. दोन्ही एकाच पोटात.

रविवारी अकरा वाजता बाई आल्या. नवी कोरी कापडी पिशवी, लुगडं न्यायला. दुसऱ्या हातात ताईसाठी पेढ्यांचा पुडा. अंगावर ठेवणीतली साडी. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, परत पाणी दिलं. तिसऱ्यांदा पाणी आणायला उठले तेव्हा जाऊबाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

मग मी भिंतीवरच्या कागदापाशी गेले. हातात पट्टी घेतली, सवयीनं. "बाई, तुमचं लुगडं," मी म्हणाले आणि पट्टी टेकवली, "इथं आहे."

त्यांनी वाचलं. 'कापलेली.' मग पुन्हा वाचलं. "पण तुम्ही फोनवर म्हणालात, घडी मोडलेली नाही."

"ते मी इथून बोलले," मी म्हणाले आणि पट्टी कागदाच्या बाहेर, नुसत्या भिंतीवर टेकवली.

त्या खाली बसल्या. मी पाचही तुकडे आणून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी पदराचा तुकडा उचलला, वास घेतला, मांडीवर ठेवला. "ताईला वाटेल मीच कापायला लावलं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. तिनं मागितलं म्हणून. परवा कुठं बोलायला लागलो होतो आम्ही." त्या ओरडल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या अगदी हळू बोलत होत्या.

"लावा तिला फोन," जाऊबाई म्हणाल्या. "अन् हिच्याकडं द्या. हिनं कापलंय, ही सांगंल."

फोन लागला. बाई आवाज मोठा करून फोन माझ्यापुढं धरून बसल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. खुंट्या, गाऱ्हाणं, कात्री, थाप. आवाज वर्गातला होता, पण उभी मी वर्गाबाहेर होते. पलीकडून फक्त कोंबड्यांचा आवाज. मग पाथर्डीच्या ताई बोलल्या.

"पदर कापलाय का?"

"नाही. पदर अख्खा आहे."

"मोजून तरी कापलंय का?"

"नाही. अंदाजे."

"शाळेत होता म्हणे तुम्ही?"

"हो."

"तरीच." पुन्हा कोंबड्या. मग एक मोठा उसासा. "आता काय, शिवा. पण पदर डोक्याकडं येऊ द्या. तिला विचारू नका, ती पायाकडं म्हनंल."

शेवगावच्या बाईंनी फोन हिसकावून घेतला. "मी पायाकडं म्हणेन? आईचा पदर मी पायाकडं घेईन?"

"तू घेशील! लहानपणी आईच्या पदराला नाक पुसायचीस तू."

"मी? मी पुसायचे? तू पुसायचीस आणि मार मला बसायचा!"

पुढची वीस-पंचवीस मिनिटं आमच्या ओसरीवर कडाक्याचं भांडण झालं. काठ बाहेर की आत, टाका लाल की हिरवा, आईला वांगी आवडायची की नाही. वांग्यांचा गोधडीशी काय संबंध मला कळलं नाही, पण बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मी मध्ये काही समजावायला तोंड उघडलं तर जाऊबाईंनी मला कोपर मारलं. "गप बस. बोलत्यात न्हवं?" आणि सुईत दोरा ओवून त्या हिरवा तुकडा मांडीवर घेऊन बसल्यासुद्धा. मग त्यांना आठवण झाली. त्यांनी तुकडा उचलला आणि त्या दोघींचं भांडण संपून दोघींनी फोनवर "हो" म्हणेपर्यंत नव्या, चौथ्या खुंटीवर नेऊन ठेवला. त्या खुंटीवर बसलेलं पहिलं कापड तेच.

गोधडी व्हायला महिना लागला. जेवायच्या दिवशी दोघी बहिणी आल्या. ताई धाकटीपेक्षा बुटक्या निघाल्या आणि आवाजानं दुप्पट. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, मला नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, "चहा ठेवा." धाकटीनं चिमूटभर ज्वारी घातली. ताईंनी मूठभर घातली. जाऊबाई म्हणाल्या, "अवो, गोधडी हाय, धान्याची कनगी न्हाई." मग ताईंनी हळूच कनवटीचा चिमूटभर ओवा काढून आत सोडला. कोपरा बंद झाला. पदर डोक्याकडं होता.

तो कागद आता तिसऱ्यांदा नव्यानं काढलाय, ज्वारीच्या पिठाचे आणि चहाचे डाग पडतात म्हणून. चौथ्या खुंटीला लाल फडकं बांधलेलं असतं आणि तिच्यावरच्या कापडाला हात लावायची मला परवानगी नाही. कात्री जाऊबाईंच्या कनवटीला असते, मागून घ्यावी लागते. गावात कुणाच्याही भानगडीवर त्या बोट ठेवतात, "ही बाई 'विचारायचंय' मधी हाय, तिला ढोसू नगा." मीही शिकलेय. नातीला एक स्थळ आलं तेव्हा मी तिला मोबाईलवर तिच्या लग्नाचा डायग्राम काढून पाठवला, वाटीनं गोल काढून. तिनं उत्तरात एकच गोल पाठवला. लाल.

कागदाच्या अगदी शेवटी नातीनं मोठी आणि छोटी अशा दोन वाट्यांनी गोलात गोल काढला होता. म्हणाली, इथं प्रवास संपतो. 'पोचली'. जाऊबाईंना ते कधीच पटलं नव्हतं. गोधडी जुनी झाली की नव्या गोधडीच्या पोटात जाते, संपते कुठं, असं त्यांचं म्हणणं. मी नातीची बाजू घेऊन त्यांच्याशी वाद घालायचे, पट्टी हातात घेऊन.

मग ती गोधडी गेल्यावर सहा-सात महिन्यांनी शेवगावच्या बाईंचा फोन आला. जाऊबाई शेजारीच होत्या, म्हणून मी आवाज मोठा केला. त्याचा मला आजवर पश्चात्ताप होतो.

"बाई, तुमच्या कागदावर शेवटी 'पोचली' लिहिलंय ना, ते आधी खोडा. आमची गोधडी पोचून थांबतच नाही. पंधरा दिवस माझ्याकडं, पंधरा दिवस ताईकडं. ताईकडनं आली की तिला ताईच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो, म्हणून मी ती धूत नाही. आणि ताईनं विचारलं तर सांगा, धुतलीय. तुम्हाला काय, फोनवर सवयच आहे."